नील बेटावर डायव्हिंग शिकायचे आहे

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघे आठ दिवसांसाठी अंदमानला जाणार आहोत. गेल्या वर्षी मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून आम्ही एकदा पाण्याखाली उतरलो होतो. तेव्हापासून हे रीतसर शिकावे अशी तिघांचीही इच्छा आहे. गर्दी नको म्हणून नील बेट मनात आहे. पत्नीला लहानपणी दमा होता. प्रवासी कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमात दर दोन दिवसांनी बेट बदलते आणि परतीच्या दिवशी सकाळी डायव्हिंग, दुपारी विमान असे लिहिले आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : परतीच्या दिवसाचा कार्यक्रम आजच रद्द करून घ्या, कारण तो धोक्याचा आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळत जातो. वर आल्यानंतर तो हळूहळू बाहेर पडतो. पण त्याआधीच आपण विमानात बसलो, तर तिथल्या कमी दाबामुळे शरीरातच त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही उद्भवू शकते. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यास विमानापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. आम्ही पूर्ण एक दिवस कोरडा ठेवा असेच सांगू. तो दिवस वाया जात नाही. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, परतून सेल्युलर जेल शांतपणे पाहता येते. सावरकर १९११ ते १९२१ या काळात जिथे बंदिवासात होते, ती वास्तू बोटीची वेळ गाठण्याच्या घाईत उरकू नये.

बेटांची धावपळही सोडून द्यावी. 'ओपन वॉटर' हा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन ते चार दिवसांचा असतो आणि तो एकाच ठिकाणी, एकाच प्रशिक्षकाकडे पूर्ण झालेला बरा. नील, म्हणजे २०१८ पासूनचे शहीद द्वीप, त्यासाठी उत्तम आहे. जवळच्या हॅवलॉक बेटावर डायव्हिंग केंद्रे जास्त आहेत, पण वर्दळही तितकीच. पहिल्या दिवशी थेट नील गाठावे, सहाव्या दिवशी सकाळी शेवटचे डायव्हिंग करावे आणि सातव्या दिवशी बोटीने परतावे. आपल्या मुलीला बाराव्या वर्षी हा अभ्यासक्रम करता येतो. पुढे मात्र तिने प्रमाणपत्रधारक प्रौढांसोबतच उतरायचे असते. तिघांनाही कोणत्याही पद्धतीने २०० मीटर पोहता आले पाहिजे आणि दहा मिनिटे तरंगता आले पाहिजे. मालवणच्या अनुभवात याची गरज पडली नसेल, म्हणून हे आवर्जून सांगत आहोत.

पत्नींच्या दम्याबाबत तिकिटे काढण्यापूर्वीच छातीविकारतज्ज्ञांना भेटावे. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. श्वासनलिका आकसलेली असेल, तर ही हवा अडकून फुप्फुसाला इजा होऊ शकते. केंद्रावर भरून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत दम्याचा प्रश्न असतो आणि 'होय' लिहिल्यास डॉक्टरांची लेखी संमती लागते. ही गोष्ट लपवून उतरण्याचा विचार कृपया मनातही आणू नये. सर्दी झालेली असताना तर कोणीच उतरू नये, कारण कानांचे दडे सुटत नाहीत आणि जबरदस्ती केल्यास पडदा फाटण्याची भीती असते.

फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो. तारखा ठरवताना पंचांगही पाहावे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाच्या भरतीमुळे प्रवाह जोरदार असतात, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी संथ असते. नवशिक्यांना हाच काळ मानवतो. प्रवाळाबद्दल मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. २०१० मध्ये पाणी तापल्याने अंदमानातील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. मासे आजही भरपूर दिसतात. जे प्रवाळ उरले आहेत त्यांना हात किंवा पाय लावू नये. नीलवरच्या भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ते उघडे पडतात, तेव्हा लोक त्यांवरून चालत जातात आणि ते पाहून फार वाईट वाटते. मृत प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणेही कायद्याने निषिद्ध आहे, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे.