घरात आजारी माणूस असताना असे सिनेमे बघावेत का?

तुम्ही विचारलंय की घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असताना आजारपणावरचे, अपंगत्वावरचे सिनेमे आणि मालिका बघाव्यात का, की त्यानं जीव आणखीच खचतो. माझ्या मते बघावेत, पण निवडून. निवडताना मी एकच पाहते: त्या गोष्टीत उस्तवार करणारं माणूस दिसतं का?

मी अमळनेरची. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, लकवा झाल्यापासून त्यांचं सगळं आम्हीच करतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यासाठी हवेची गादी आणली. ती पंपावर चालते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की नेमकी लाइट जाते. पंप बंद पडतो, गादी हळूहळू बसते. मग आम्ही दोघं मिळून आप्पांना कुशीवर वळवतो, पाठीशी उशा लावतो आणि एक जण वारा घालत बसतो.

मालिकांमध्ये यातलं काही येत नाही. तिथं व्हीलचेअरवरचं माणूस ऐन सणाच्या दिवशी देवासमोर उठून उभं राहतं. असा एक प्रसंग लागला होता तेव्हा आप्पांनी चांगल्या हातानं खूण केली आणि अडखळत म्हणाले, "बंद कर ते." त्यांचा राग रास्त होता. लकव्यानंतर हात-पाय सुधारतात ते रोजच्या व्यायामानं, तेही थोडे थोडे, आणि काहींचे सुधारतही नाहीत. ज्याला हे अंगावर भोगावं लागतंय त्याच्यासमोर असला चमत्कार मांडणं हा त्याचा अपमान आहे.

'अस्तु' मात्र बघाच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. संस्कृतचे गाढे पंडित असलेले शास्त्रीबुवा अल्झायमरमुळे सगळं विसरत चाललेत. गाडीत बसलेले असताना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागं चालू लागतात. ही भूमिका मोहन आगाशेंनी केलीय, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांची लेक इरा, इरावती हर्षेनं केलेली. ती दमते, वैतागते, आणि तरी तिची माया तसूभर कमी होत नाही. पडद्यावरच्या लेकी-सुना सहसा चिडतच नाहीत, म्हणून आपण चिडलो की आपलंच मन आपल्याला खातं. इराला पाहून मी पोटभर रडले. त्यातली माहुताची बायको तर विसरता येत नाही. ओळख ना पाळख, बोली कानडी, पण त्या म्हाताऱ्याला ती लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसरा 'श्वास', २००४ चा. कोकणातले आजोबा नातवाला शहरात आणतात. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आपल्याकडची माणसं पेशंट घेऊन नाशिकला, सुरतला जातात, त्यांना हा सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टरांचं बोलणं अर्धंच कळलेलं असतं, पुन्हा विचारायचा संकोच वाटतो. अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर ते सगळं आहे.

आणि आपल्या भागाची एक गोष्ट पडद्यावर यावी असं फार वाटतं, ती सिकलसेलची, म्हणजे आई-बापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या आदिवासी घरांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे. आई-बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून अंगात तो दोष बाळगून असतील, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता २५ टक्के असते. लेकरू एरवी धडधाकट दिसतं आणि मध्येच हाडं-सांधे असे ठणकायला लागतात की रात्रभर कण्हत राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. पण यात व्हीलचेअर नाही, पांढरी काठी नाही, म्हणून कॅमेरा तिकडं वळत नसावा. त्या घरात कामाचा खाडा कोण करतं, धाकट्या भावंडांना त्या रात्री कोण बघतं, हे दाखवायला कुणीतरी धडगाव-अक्कलकुव्याला यायला हवं.

तुमच्या घरचं दुखणं नुकतंच कळलं असेल तर 'श्वास' एवढ्यात नको. आधी 'अस्तु' बघा, आणि रात्रीची जागरणं ज्याच्या वाट्याला येतात त्याला सोबत घेऊन बघा. पेशंटला दाखवायचा की नाही ते त्यालाच विचारा. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसायला शेजारचं कुणी येईल का, तेही आधी पाहून ठेवा.