बाँडचे पैसे भरू की एटापल्लीला जाऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी एमबीबीएसची इंटर्नशिप संपली आणि बाँडची, म्हणजे शिक्षणानंतर वर्षभर सरकारी सेवा करायच्या अटीची, पोस्टिंग गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आलीय. घरचे म्हणतात त्याऐवजी दंडाचे 10 लाख भरून टाकू, तू 'नीट-पीजी'चा, पुढच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास कर, वर्ष वाया घालवू नकोस. मला मात्र जावंसं वाटतंय. 'हेल्थ इक्विटी' (आरोग्यातला समन्याय), 'यंग लीडर' वगैरे खूप ऐकते, पण एकटी एमबीबीएस तिथे जाऊन करणार काय? तिथल्या आदिवासींची माडिया भाषासुद्धा येत नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : जा गं. आधी पैशांचंच बोलते. ज्यांच्या घरी 10 लाख आहेत ते सुटतात आणि नाहीत ते जातात, दुर्गम भागात डॉक्टर का टिकत नाही याचं एक कारण तिथेच आहे, म्हणून तू मनापासून जायचं म्हणतेयस याचं मला फार बरं वाटलं.

मी पहिल्यांदा पीएचसीला रुजू झाले तेव्हा ओपीडीची रांग बघूनच खूश व्हायचे. एकदा आमच्या सिस्टर म्हणाल्या, मॅडम, नाल्यापलीकडच्या टोल्यावरचं, त्या छोट्या वस्तीवरचं, कुणी येतच नाही. रजिस्टर काढलं, तीन महिन्यांची पानं उलटली, त्या टोल्याच्या फक्त दोन नोंदी, दोन्ही साप चावल्याच्या. म्हणजे तिथे ताप नाही, बाळंतपण नाही, खोकला नाही? त्या दिवसापासून रांगेत कोण आहे यापेक्षा कोण नाही हे बघायची सवय लागली, आणि इक्विटी म्हणजे मला तरी हेच कळलं.

तू जाणारेस त्या गडचिरोलीतलंच उदाहरण घे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून तिथे काम करतायत. बायकांचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढंच तेव्हा धरायचे. राणीताईंनी दोन गावांतल्या बायका तपासल्या तर 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के! 1989 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग बाळांचा प्रश्न. बाळ हॉस्पिटलपर्यंत पोचत नाही ना, मग उपचार घरी न्यायचे. 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, न्यूमोनिया कसा ओळखायचा. अक्षर न येणाऱ्या दाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधं यंत्र केलं. नवजात बाळांचे मृत्यू हजारी 62 होते, ते तीन वर्षांत 25 च्या आसपास आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत ज्या फेऱ्या मारतात ना, त्याचं मूळ हे. त्याच्याही आधी, 1970 पासून, जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने कमी शिकलेल्या गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं होतं. त्यामुळे लीडर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी या बायका येतात, डॉक्टर नंतर.

तू एकटी नसशील हे एवढ्यासाठीच सांगतेय. गेल्यावर पहिला महिना काही नवीन सुरू करू नकोस. ओपीडी रजिस्टर गावागावाप्रमाणे लावून बघ, कुठलं गाव गायब आहे ते कळेल, मग तिथल्या आशाताईबरोबर चालत जा, गाडीने नको, म्हणजे पावसाळ्यात गरोदर बाईला कुठून कसं यावं लागतं ते पायांना कळतं. माडियातली दहा वाक्यं तिच्याकडूनच शीक, कुठं दुखतं, किती दिवस झाले, पाणी कुठून आणता एवढी आली तरी पेशंट मोकळे बोलतात. पीजी नंतर कर ना, जरूर कर, तिथे वर्षभर काम केल्यावर कशात करायचं ते जास्त नीट कळेल. आणि सोबत हवी असेल तर बंगांनी 2006 मध्ये तरुणांसाठी सुरू केलेल्या 'निर्माण'च्या मुलामुलींशी बोल, त्यातले बरेच डॉक्टर अशाच पीएचसीतून गेलेत.

एक राहिलंच. महिन्याच्या मीटिंगला आशाताई येतील तेव्हा त्यांना बसायला खुर्च्या आहेत का बघ. मी काम केलं तिथे त्या दहा किलोमीटर चालून यायच्या आणि भिंतीला टेकून उभ्याच राहायच्या.