कॅन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या बंद डब्यांची शिल्पं रचायच्या स्पर्धेत, पहिल्यांदाच उतरताय?

मग रंगसंगती राहू द्या, आधी डब्याचा तळ बघा. 1992 पासून चालत आलेल्या या अमेरिकी स्पर्धेत साधारण 10 बाय 10 फूट जागा आणि 8 फूट उंची मिळते, पण शिल्प ढासळतं ते एक-दोन मिलिमीटरच्या फरकानं. एका कंपनीच्या डब्याचा तळ दुसरीच्या झाकणाच्या कडेत बसेलच असं नाही; न बसलेला थर वर वजन आलं की सरकतो. म्हणून प्रत्येक प्रकारचे डझनभर डबे आधी आणा, रचून बघा. दर तीन-चार थरांवर पाव इंची प्लायवूड घाला, म्हणजे वजन सारखं वाटलं जातं. फळीची कड मात्र बाहेर दिसू देऊ नका. गोंद तर विसराच. पारदर्शक टेप, रबरबँड, चुंबक, झिप-टाय एवढ्यावरच भागवायचं, कारण हेच डबे नंतर अन्नपेढीत, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेत जाणार. लेबल फाटलं की आत काय आहे ते कळत नाही, डबा वाया. वक्र आकारांना ट्यूनाचे बुटके डबे घ्या. उंच डब्यांनी पायऱ्या-पायऱ्या दिसतात. थोडे डबे जास्तच मागवा, काही चेपलेले निघतातच. आणि हो, डब्यांतल्या पदार्थांतून होणाऱ्या उत्तम जेवणाचंही वेगळं बक्षीस असतं. नुसत्या टोमॅटो सॉसचा डोंगर तिथे चालत नाही. कडधान्य, मासे, भाज्या, फळं असू द्या.