वाचकांचे प्रश्न : सीएनसीच्या वायरिंगमधला नॉइज

प्रश्न : अर्डुइनो उनो (कंट्रोलर बोर्ड) आणि जीआरबीएल (त्यावर चालणारं मशीन-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) वापरून छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं राउटर मशीन बांधलं आहे. नुसतं जॉग करताना (बटणं दाबून अक्ष हलवताना) सगळं ठीक चालतं, पण ७७५ डीसी मोटरची स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) लावली की थोड्याच वेळात ‘अलार्म १’ येऊन मशीन थांबतं. लिमिट स्विच एकही दाबलेला नसतो. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ‘अलार्म १’ म्हणजे हार्ड लिमिट (अक्ष टोकाला पोचल्याचा स्विच) लागल्याचं कंट्रोलरने धरलं. संशय आधी लिमिटच्या वायरींवर घ्या. उनोच्या चिपमधला पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे खेचून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे अगदीच दुबळा असतो. अशा पिनला मीटर-दीड मीटर साधी वायर जोडली आणि ती स्पिंडलच्या वायरीसोबत एकाच केबल चेनमधून नेली, की ब्रशच्या ठिणग्यांचे विद्युत झटके, म्हणजेच नॉइज, थेट पिनवर येतात. पिनवरचा बदल कंट्रोलरने टिपायला (इंटरप्ट लागायला) काही मायक्रोसेकंद पुरतात, त्यामुळे मल्टिमीटरवर काहीच दिसत नाही.

काही विकत आणण्याआधी खात्री करून घ्या. बोर्डावरून लिमिटच्या सगळ्या वायरी काढा. स्विच एनसी (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) असतील तर पिन आणि ग्राउंडमध्ये बोर्डावरच छोटा जंपर लावा. एनओ (एरवी तुटलेले, दाबल्यावर जोडले जाणारे) असतील तर पिन मोकळी ठेवा. आता स्पिंडल लावून मशीन टेबलाच्या मधोमध हवेत चालवा (टोकाकडे नेऊ नका, या वेळी लिमिट काम करत नाहीत). अलार्म बंद झाला तर दोष वायरींचा. तरीही आला तर नॉइज पॉवर सप्लायमधून किंवा यूएसबीतून शिरतोय. मग लिमिटच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

वायरींचा दोष निघाला तरी सुरुवात मोटरपासून करा. ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर घ्या. एक दोन्ही टर्मिनलांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीपर्यंत. बॉडीवरचा रंग घासून मगच सोल्डर करा. कपॅसिटरचे पाय जितके आखूड तितकं काम चांगलं. मोटरपासून हातभर लांब पीसीबीवर लावले तर उपयोग नाही. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या.

मग लिमिटची पिन. प्रत्येक पिनला ५ व्होल्टकडे २.२ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप, पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड आणि स्विचकडून येणाऱ्या वायरीत १०० ओहम. हे तिन्ही भाग बोर्डाजवळच हवेत, स्विचजवळ नकोत. याने होमिंगची (अक्ष स्विचपर्यंत नेऊन शून्य ठरवण्याची) अचूकता जाईल अशी शंका नको : इथला टाइम कॉन्स्टंट, म्हणजे पिनवरचा सिग्नल रेंगाळण्याचा वेळ, ०.२२ मिलिसेकंद आहे. ५०० मिमी प्रति मिनिट वेगाने तेवढ्या वेळात अक्ष दोन मायक्रॉनही सरकत नाही. स्विच एनसी जोडा आणि जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $५=१ (लिमिट पिन उलट्या वाचणं) करा. वायर तुटली तर लगेच कळतं, शिवाय एरवी पिन स्विचमधून ग्राउंडला धरलेली राहते. वायर शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड करा. स्विचकडचं टोक कापून हीट-श्रिंक चढवा.

एवढं करूनही अलार्म येत असेल तर पीसी८१७ ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग). स्विचच्या बाजूला २४ व्होल्ट आणि २.२ किलोओहम, अर्ध्या वॉटचा. सुमारे १० मिलिअँपिअर वाहतात. मात्र त्या २४ व्होल्टचा मायनस अर्डुइनोच्या ग्राउंडला जोडू नका. जोडलात तर ऑप्टो असून नसल्यासारखा, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते.

$२१=० करून हार्ड लिमिट बंद करा, हा सल्ला सर्रास मिळतो. अलार्म जातो, नॉइज जात नाही. तोच पुढे होमिंगमध्ये त्रास देतो.

जाता जाता : उनोवर बसवलेला बोर्ड ‘सीएनसी शील्ड व्ही३’ असेल आणि फक्त झेडचा लिमिट वागत नसेल, तर तो नॉइज नसेलही. जीआरबीएल ०.९ पासून झेड लिमिट डी-१२ वर गेला, बोर्डावरचा छाप जुनाच राहिला. झेडची वायर ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनवर लावून पाहा.

प्रश्न : २.२ किलोवॉटची वॉटर-कूल्ड स्पिंडल आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवल्यापासून कधी अलार्म, कधी स्क्रीन गोठते. कंट्रोलरच्या वायरींना फेराइट (नॉइज अडवणारी कडी) लावून झाले. – एक वाचक, नाशिक

उत्तर : फेराइट शेवटी. आधी अर्थिंग तपासा. मेन प्लग काढा, व्हीएफडीचे कपॅसिटर उतरायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा, आणि स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिन ते स्पिंडलची बॉडी यांत मल्टिमीटरचा बीप येतो का ते बघा. अनेक स्वस्त स्पिंडलमध्ये ही पिन आत कुठेच जोडलेली नसते. बीप नसेल तर ती जोडून घ्या किंवा क्लॅम्पच्या स्क्रूखाली लग लावून हिरवी-पिवळी वायर व्हीएफडीच्या अर्थ टर्मिनलला न्या. नॉइज बाजूला ठेवला तरी शॉक लागू नये म्हणून हे हवंच.

स्पिंडलची केबल ४ कोअर शील्डेड हवी. इथे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करायचं, लिमिटच्या वायरीच्या बरोब्बर उलट. कारण व्हीएफडीच्या जोरदार स्विचिंगचा करंट शील्डमधूनच परत जायला हवा. शील्डची बारीक शेपटी काढून स्क्रूखाली दाबू नका, पूर्ण गोलाकार धातूच्या क्लॅम्पने पकडा. सिग्नलच्या वायरी या केबलपासून ३० सेंटिमीटर लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. ईएमआय (नॉइज अडवणारा) फिल्टर व्हीएफडीच्या इनपुटला, चुकूनही आउटपुटला नाही.

प्रश्न : व्हीएफडीला ईएमआय फिल्टर बसवल्यावर घरातला आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो. अर्थ काढली की होत नाही. काढून ठेवली तर चालेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट अर्थकडे सोडतातच, व्हीएफडी आणखी भर घालते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही ट्रिप होऊ शकतो. अर्थ काढली की तीच गळती मशीनच्या पत्र्यावर येऊन बसते. एकापेक्षा जास्त फिल्टर असतील तर कमी करा, आणि वायरमनकडून त्याच लाइनवरच्या बाकी उपकरणांची गळती मोजून घ्या. आरसीसीबी ‘एसी’ टाइपचा असेल तर व्हीएफडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या टाइपचा बसवा.

प्रश्न : व्हॅक्यूम क्लीनर बंद करताच लॅपटॉपचा यूएसबी संपर्क तुटतो. – एक वाचक, मडगाव

उत्तर : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. फरक पडला तर वाट चार्जरची आहे. मीटरभराच्या आतली फेराइटवाली यूएसबी केबल आणि एडीयूएम४१६० चा आयसोलेटर (लॅपटॉप आणि कंट्रोलर विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणारा) लावा. नाही पडला तर व्हॅक्यूमचा प्लग वेगळ्या सॉकेटवर न्या आणि व्हॅक्यूमला समांतर स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) द्या : १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स-२ (मेन लाइनवर चालणाऱ्या) वर्गाचाच. तो रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावू नका. तिथे रिले ऑफ असतानाही २३० व्होल्टवर सुमारे ७ मिलिअँपिअर वाहत राहतात.