कोल्ड एअर इनटेक (इंजिनात बाहेरची थंड हवा आणणारी जोडणी) आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट (जळालेले वायू कमी अडथळ्याने बाहेर सोडणारा पाइप) बसवल्याने गाडीची ताकद खरंच वाढते का?

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनात फारच थोडी. आवाज मात्र नक्की वाढतो, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं.

इनटेकमध्ये खरा मुद्दा हवेच्या तापमानाचा आहे. हवा साधारण ३ अंश सेल्सिअस तापली की तिची घनता सुमारे १ टक्क्याने घटते. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला तर तो इंजिनचीच गरम हवा ओढतो, म्हणजे कंपनीच्या बंद डब्यापेक्षाही वाईट. बाहेरची थंड हवा आणणारा पाइप नसेल तर असा फिल्टर घेऊच नका. तेल लावायच्या फिल्टरला जास्त तेल लागलं तर हवा मोजणारा सेन्सर बिघडू शकतो, तेही सांभाळा.

एक्झॉस्टबद्दल ‘इंजिनला बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूंना अडवणारा दाब) लागतं’ असं म्हणतात, ते चुकीचं आहे. लागतो तो बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की हा वेग पडतो आणि कमी आरपीएमला (इंजिन हळू फिरत असताना) ओढ कमी होते.

टर्बो इंजिनात मोकळ्या एक्झॉस्टचा फायदा जास्त, पण सोबत ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग हवं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र काढू नका, कृपया. कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचं कमी घातक वायूंत रूपांतर तोच करतो.