खासदारांकडे टीडीएसचे गाऱ्हाणे नेताना: चारपैकी एकच मागणी न्या

नमस्कार. पुण्यातील वाहन उद्योगासाठी कंत्राटी तत्त्वावर डिझाइनचे काम करणारे आपण काही अभियंते खासदारांना भेटून निवेदन देणार आहात आणि त्याचा मसुदा आपण इथे दिला आहे. त्यात चार मागण्या आहेत: व्यावसायिक शुल्कावरचा दहा टक्के टीडीएस (शुल्क देतानाच कंपनीने कापून घ्यायचा प्राप्तिकर) कमी करावा, पगारदारांप्रमाणे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळावी, सेवांवरचा १८ टक्के जीएसटी उतरवावा आणि व्यवसाय कर रद्द करावा. व्यावसायिकांच्या संघटनेसाठी अशी निवेदने लिहिण्याचे आणि ती घेऊन लोकप्रतिनिधींकडे जाण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, पहिली मागणी ठेवा आणि उरलेल्या तीन काढून टाका.

कारण असे की, त्या तीन मागण्या एकतर चुकीच्या दारी जातात किंवा पहिल्या वाक्यातच खोडल्या जातात. जीएसटीचे दर संविधानाच्या अनुच्छेद २७९क खालील जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात आणि तिथे महाराष्ट्राची बाजू राज्याचा मंत्री मांडतो. शिवाय आपण लावलेला जीएसटी कंपनीला सहसा इनपुट क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वजा करण्याच्या सोयीतून) भरून मिळत असल्याने त्याचा भार आपल्यावर किती पडतो, हा प्रश्न लगेच येईल. व्यवसाय कर हा १९७५ च्या राज्य कायद्याखालचा कर आहे, तेव्हा तो विषय आमदारांचा. प्रमाणित वजावटीचे तर बोलूच नका, कारण प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीए खाली, म्हणजे गृहीत उत्पन्नाच्या योजनेत, आपण जमा रकमेच्या निम्मेच उत्पन्न करपात्र दाखवू शकता. निम्मी रक्कम खर्च म्हणून आधीच सोडलेली असताना आणखी ७५,००० मागितले, की पुढचे सगळे बोलणे लोभाचे वाटू लागते.

आता टीडीएसकडे वळू, कारण खरा अन्याय तिथे आहे आणि तो आकड्यांत दाखवता येतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे ज्या अभियंत्याला वर्षभरात कंपन्यांकडून २४ लाख रुपये मिळाले, त्याचे गृहीत उत्पन्न १२ लाख, आणि दुसरे उत्पन्न नसेल तर त्याचा कर शून्य. तरीही कलम १९४जे नुसार कंपनीने २४ लाखांवर दहा टक्के, म्हणजे २,४०,००० रुपये कापून सरकारजमा करायचे असतात. जो कर देय नाही त्यापोटी त्याच्या दहापैकी एका रुपयावर सरकार वर्षभर बसून राहते आणि विवरणपत्र भरून त्याची प्रक्रिया झाल्यावर तो परत येतो. त्यावर मिळणारे व्याज महिन्याला अर्धा टक्का, आणि तेही वेळेत विवरणपत्र भरले तर पुढच्या १ एप्रिलपासून मोजलेले. मे महिन्यात कापलेल्या रकमेला मार्चपर्यंत काहीच नाही. घरभाडे, मुलांची फी आणि सॉफ्टवेअरचा परवाना मात्र त्याच महिन्यात भरावा लागतो.

या उदाहरणाच्या शेजारी दरांची तुलना ठेवा. दलालीवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून पाचावरून दोन टक्के झाला, विमा एजंटांच्या कमिशनवरचाही एप्रिल २०२५ पासून दोन टक्क्यांवर आला. कंत्राट म्हणून कलम १९४सी लागले, तर व्यक्तीला एक टक्का. खुद्द १९४जे मध्येही तांत्रिक सेवांसाठी २०२० च्या वित्त कायद्याने दोन टक्के केले, पण व्यावसायिक सेवा दहावरच राहिल्या. एकाच प्रकारच्या ड्रॉइंगसाठी एका कंपनीचे लेखा खाते एक टक्का कापते, दुसरीचे दोन आणि तिसरीचे दहा, असे घडते. कलम कोणते लावायचे हे कंपनी ठरवते आणि सावधगिरी म्हणून ती बहुधा सर्वांत मोठा दर निवडते.

यावर अर्थ मंत्रालयाकडून दोन उत्तरे ठरलेली असतात, तेव्हा त्यांची दखल निवेदनातच घ्या. पहिले असे की, टीडीएसमुळे व्यवहारांची नोंद राहते आणि करचुकवेगिरी रोखली जाते. हे खरेच आहे आणि ते मान्य करा, पण नोंद ठेवायला दोन टक्केही पुरतात, हेच दलालीच्या दराने दिसले आहे. मे २०२० ते मार्च २०२१ या काळात सरकारने स्वतः बहुतेक टीडीएस दर चतुर्थांशाने घटवून दहाचे साडेसात केले होते, कारण लोकांच्या हातात पैसा हवा होता. तेव्हा दर हलवता येतो हे सिद्धच आहे. दुसरे उत्तर असे की, कलम १९७ खाली कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळतेच. ते मिळते, परंतु त्यासाठी कोणती कंपनी वर्षभरात किती देईल याचा अंदाज आधी द्यावा लागतो, आणि ज्याची कामे दर तीन महिन्यांनी बदलतात त्याला तो देता येत नाही. ज्येष्ठ नागरिकाचा कर शून्य असेल तर तो बँकेला तसे घोषणापत्र देऊन व्याजावरची कपात थांबवू शकतो. व्यावसायिक शुल्कासाठी मात्र अशा घोषणापत्राची सोय नाही. म्हणून मागणी दोनच ओळींची असावी: ४४एडीए निवडणाऱ्या व्यक्तींसाठी दर दोन टक्के करावा, आणि तो करता येत नसेल तर अशा व्यक्तींना घोषणापत्राची सोय द्यावी.

खासदारांकडून काय मागायचे, हा भाग लोक सर्वांत कमी विचाराने लिहितात. ‘संसदेत विरोध करा’ असे लिहू नका. वित्त विधेयकावर पक्षादेश (व्हिप) निघतो आणि पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो मोडणे सदस्यत्वावर बेतते. सत्ताधारी खासदाराला अशी विनंती केली तर तो चहा पाजून आपल्याला निरोप देतो. त्याला करता येईल असे काम सांगा. तो अर्थमंत्र्यांना स्वतःच्या लेटरहेडवर पत्र लिहू शकतो. खासदाराच्या पत्राला १५ दिवसांत पोच आणि पुढील १५ दिवसांत उत्तर द्यावे, असे मंत्रालयांना निर्देश आहेत. तो लोकसभेत नियम ३७७ खाली विषय मांडू शकतो, किंवा अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न विचारू शकतो. मला यातला प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘गेल्या तीन वर्षांत १९४जे खाली किती कपात झाली आणि ४४एडीए खालील व्यक्तींना त्यातील किती रक्कम परत गेली’ याचे लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर येते आणि पुढच्या प्रत्येक निवेदनाला आधार होते. हा प्रश्न, पत्राचा मसुदा आणि नियम ३७७ चे छोटे निवेदन तिन्ही आपणच टंकून न्या. सॉफ्ट कॉपी स्वीय सहायकांना द्या. प्रत्यक्षात पुढचे सगळे त्यांच्याच हातून होते, म्हणून त्यांच्याशी आदराने आणि नेमाने संपर्क ठेवा.

अशा नेमक्या मागण्यांचा उपयोग होतो का, या आपल्या शंकेला ताजे उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या प्राप्तिकर विधेयकात मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याला परतावा नाकारणारी तरतूद होती. खासदार बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील, विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित विधेयकात ती राहिली नाही. परताव्याची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांचाच हा प्रश्न होता, आणि तो एका कलमापुरता असल्यामुळे समितीला निर्णय घेता आला.

वेळेचे म्हणाल तर आत्ताच जा. अर्थसंकल्पाची तयारी ऑक्टोबरपासून सुरू होते आणि डिसेंबर संपेपर्यंत बरेचसे ठरलेले असते. फेब्रुवारीत दिलेले निवेदन पुढच्या वर्षासाठीच उरते. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात टीडीएसच्या बहुतेक तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आल्या आहेत, त्यामुळे निवेदनात जुन्या क्रमांकासोबत नवाही लिहा. सोबत प्रत्येकाचा फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा वार्षिक तपशील) जोडू नका. पॅन आणि कंपन्यांची नावे झाकून दोघा-तिघांचे आकडे एका पानावर द्या आणि ते आपल्या सीएकडून तपासून घ्या. निवेदन दोन पानांपेक्षा मोठे झाले तर इथे पुन्हा टाका, मी छाटून देईन.