खुशामत करतात, कौतुक वाटतेही

प्रश्न असा आहे: ‘वरिष्ठांच्या कामाबद्दल चार चांगले शब्द बोलले की लोक त्याला खुशामत म्हणतात. मग कौतुक, प्रशंसा, खुशामत, मस्का यांत नेमका फरक काय? आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या मानपत्रात काय लिहावे?’

आधी क्रियापदे पाहा. कौतुक करतात आणि कौतुक वाटतेही: ‘मला तिच्या चिकाटीचे कौतुक वाटते.’ ‘मला साहेबांची खुशामत वाटते’ असे वाक्य मात्र होतच नाही. खुशामत फक्त करता येते. ‘त्याचे बोलणे मला खुशामत वाटले’ हे चालते, पण तो ऐकणाऱ्याने काढलेला निष्कर्ष. दुसरी खूण षष्ठीची. खुशामत नेहमी माणसाची. ‘तिच्या चित्राची खुशामत केली’ असे कोणी म्हणत नाही; चित्राची प्रशंसा होते, वाखाणणी होते. खुशामतीचा डोळा कामावर नसतो, ज्याच्या हाती काही देण्यासारखे आहे त्याच्यावर असतो.

वाखाणणे हे क्रियापद तर जपून ठेवावे असे. त्याचे मूळ ‘व्याख्यान’, म्हणजे उलगडून सांगणे. काय चांगले आहे आणि ते का, हे सांगता आले तर ती वाखाणणी. नुसते ‘वा, छान’ म्हणजे दाद. तीही प्रामाणिक असू शकते, पण तिच्यातून करणाऱ्याला आपले नेमके काय जमले ते कळत नाही.

खुशामत फारसीतून आली. तिथे ‘खुश आमद’ हे साधे स्वागताचे बोल. मस्का म्हणजे लोणी, तोही फारसीच. मस्का तात्पुरता आणि एका कामापुरता असतो, म्हणून घरात तो गोडही वाटतो: ‘एवढा मस्का कशाला, काय हवंय ते सांग!’ लाळघोटेपणा हा मात्र स्वभाव झाला. त्या शब्दात तिरस्कार आहे; तो सहज कोणाला चिकटवू नये.

लांगूलचालन म्हणजे शब्दशः शेपूट हलवणे. भर्तृहरीच्या नीतिशतकात या शब्दाने सुरू होणारा श्लोक आहे. कुत्रा घास देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, जमिनीवर पडून तोंड आणि पोट दाखवतो. गजराज मात्र धीराने पाहतो आणि शेकडो आर्जवांनंतर खातो. दोघांनाही घास देणारा माणूसच आहे, पण एक त्याची मनधरणी करतो आणि दुसऱ्याची तो करतो. राजकीय लिखाणात ‘मतदारांचे लांगूलचालन’ म्हणतात तेव्हा घास मतांचा असतो, शेपूट नेत्याची. म्हणून शब्द तिथेही चपखल बसतो. मराठीतले देशी रूप ‘गोंडा घोळणे’, तेही शेपटीचेच.

हांजी हांजी करणे जरा वेगळे. त्यात स्तुती असायलाच हवी असे नाही, विरोध न करणे पुरते. माझ्या मते हाच प्रकार सर्वांत घातक, कारण बैठकीत चूक दिसूनही होयबा गप्प राहतो आणि निर्णय तसाच पुढे जातो. री ओढणे म्हणजे दुसऱ्याचेच पुन्हा म्हणणे. तळी उचलणे म्हणजे एखाद्याची बाजू उचलून धरणे, आणि ते तिसऱ्यापुढे होते; हा वाक्प्रचार खंडोबाच्या कुळाचारातून आला, तिथे भंडार-खोबऱ्याचे ताम्हण सगळे मिळून उचलतात.

ऐकणाऱ्याच्या धोक्यासाठी ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ आहे. हरभऱ्याचे रोप जेमतेम गुडघ्याएवढे, फांद्या नाजूक. चढवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. ‘हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे’ ही म्हण त्याच्या पुढची पायरी सांगते.

आता मानपत्र. ‘कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणालाही लागतात, आणि म्हणूनच ती पोकळ वाजतात. विशेषण काढा, तिथे केलेली गोष्ट लिहा: ‘मार्चअखेरीला एकही बिल त्यांच्या टेबलावर अडले नाही.’ ज्यांनी ते पाहिले त्यांना पटेल आणि नसेल खरे तर लगेच खोडताही येईल. खोडता येण्याजोगे एकही वाक्य नसेल तर मजकूर पुन्हा लिहावा. ‘कौतुक’ शब्द इथे टाळलेला बरा. वडीलधाऱ्याने धाकट्याचे करावे अशी त्याची छटा अजून टिकून आहे. वरिष्ठांसाठी ‘आदर वाटतो’ लिहा. ‘वाटतो’ तिथेही आहेच. आणि ‘स्तुती’ सुटी लिहिताना ती दीर्घ असली तरी समासात ‘स्तुतिपाठक’, ‘स्तुतिसुमने’ असे ऱ्हस्व लिहावे.